फौजी दक्षिण सुदानमध्ये, पगार खात्यात अन् घरवाली बँकेच्या दारात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

माझे मिस्टर मिलिटरीत आहेत आणि सध्या युनोच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेलेले आहेत. गावात हे माहीत झालं तेव्हापासून किराणावाल्यापासून आशाताईपर्यंत जो भेटते तो एकच विचारते, काहो वहिनी, आता तर डॉलर येऊन राहिले असतीन. म्हणून पहिले डॉलरचा हिशेबच सांगून टाकते.

युनो जवानाला पगार देत नाही. ज्या देशाची फौज गेली त्या देशाच्या सरकारला ते माणसामागं महिन्याचे ठरलेले पैसे देतात, २०१८ मध्ये तो दर १,४२८ डॉलर झाला, नंतर थोडा अजून वाढला, म्हणजे आपले लाखाच्या वर झाले. एवढं ऐकलं की लोकांचे डोळेच मोठे होतात, पण ते पैसे सरकारच्या तिजोरीत जातात, अन् तेही वेळेवर येत नाहीत कारण मोठमोठे देशच युनोची वर्गणी थकवून बसतात. जवानाला पगार आपल्या सरकारच्या स्केलनंच, वरून बाहेरचा भत्ता. युनोकडून त्याच्या हातात पडते ते दिवसाला १ डॉलर २८ सेंट, चहापाण्याचे म्हणा.

पगार कमी आहे असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर गावातले म्हणतील पगार घेऊनही रडून राहिली. माझं म्हणणं एवढंच आहे की पगार दर महिन्याला खात्यात जमा होते आणि ज्या घरासाठी तो माणूस तिकडं गेला त्या घराला तो काढता येत नाही.

खातं यांच्या एकट्याच्या नावावर आहे. भरती झाले तेव्हा ट्रेनिंग सेंटरला उघडलेलं, तेव्हा लग्न कुठं झालं होतं आमचं. एटीएम कार्ड माझ्याजवळ होतं तोवर चाललं, मंग कार्डाची मुदत संपली, नवीन कार्ड युनिटच्या पत्त्यावर गेलं, युनिट कुठं अन् आमचं गाव कुठं, ते फिरून फिरून आलं तर त्याचा पिन टाकायला ओटीपी पाहिजे, ओटीपी यांच्या नंबरवर, आणि यांचा नंबर तिकडं बंद. कॅम्पच्या वायफायवर व्हॉट्सअपनं बोलणं होते, ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं आहेत म्हणून लेकरं झोपायच्या टायमाला त्यांची ड्युटी सुटते, पण सिमलाच रेंज नाही तर बँकेचा मेसेज येईन कुठून.

तालुक्याला बँकेत गेली तर काउंटरवरचा पोरगा म्हणते, मॅडम खातेदाराला घेऊन या. मी म्हटलं खातेदार आफ्रिकेत आहे. मंग त्यांची सही आणा म्हणे, इथं आमच्यासमोर करावी लागते. मागं पीक कर्जाच्या लाइनीत कास्तकार उभे होते, त्यातला एक म्हातारा बोलला, काहो साहेब, तो काय बंदूक ठेवून सही करायला येईन का. सगळे हसले, तो पोरगाही हसला, पैसे काही निघाले नाहीत. त्या पोराला मी दोष देत नाही, नियम तसाच आहे त्याच्यापुढं. पण जून महिना होता, पाऊस पडून गेला होता, कृषी केंद्रात बियाणं अन् खताचे पैसे रोख पाहिजे होते आणि पेरणी काही ओटीपीची वाट पाहत नाही. शेवटी सासऱ्यांनी व्याजानं पैसे उचलले. खात्यात पगार पडून अन् घरात सावकाराचं व्याज, हे कोणाला सांगावं.

लोक म्हणतात सिम घरी ठेवून जायचं ना. खूप जण तसंच करतात आणि त्यांचं चालूनही जाते. पण तीच बँक रोज मेसेज पाठवते की ओटीपी कोणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही, म्हणजे फौजीच्या बायकोनं घर चालवायचं तर बँकेचा नियम मोडूनच. वरून त्या सिमला रिचार्ज मारत राहा, कारण नव्वद दिवस वापरलं नाही तर नंबर बंद होऊ शकते आणि मंग तर सगळंच संपलं.

आमचे चुलत सासरे महार रेजिमेंटमधून रिटायर झाले. ते सांगतात आमच्या वेळेस फॅमिली अलॉटमेंट होती, जवान पलटणीत लिहून द्यायचा की माझ्या पगारातले इतके घरी पाठवा, आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची, काकूंचा अंगठा घेऊन पोस्टमन पैसे मोजून द्यायचा. काकूंना सहीसुद्धा येत नव्हती. मी बारावी शिकली, मोबाईल चालवते, आणि माझ्या हातात पैसे नाहीत.

लाडकी बहीणचंच पाहा. २०२४ मध्ये सरकारनं ठरवलं की दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या आधार लिंक खात्यात टाकायचे, नवऱ्याच्या नाही, आणि टाकलेही. आम्हाला ते मिळत नाही कारण घरात सरकारी नोकरी, ते ठीक आहे, मला दीड हजार नको. पण कागद करून लाखो बायांच्या खात्यात पैसे टाकता येतात तर जवानानं लिहून दिलेला त्याच्याच पगाराचा हिस्सा त्याच्या बायकोच्या खात्यात टाकायला काय अडचण आहे? यावर गावातलं उत्तर मला माहीत आहे, बाईच्या हातात पैसे दिले तर ती माहेरी नेऊन देईन. अरे बाप्पा, पेरणीचे, शाळेचे, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्यांचे पैसे माहेरी नेऊन मी काय करणार. ज्याला भीती वाटते त्यानं दोन हिस्से लिहून द्यावे, एक मायबापाच्या खात्यात, एक बायकोच्या, भांडणाला जागाच नाही.

लेकरांच्या शिक्षण भत्त्याचंही तसंच. आता तो महिन्याला लेकरामागं २,८१२ रुपये ५० पैसे आहे, पण वर्षातून एकदा शाळेचं बोनाफाईड जोडून क्लेम यांनीच युनिटला द्यायचा, आणि हेडमास्तर कधी सापडते कधी नाही.

आता बीएसएफ, सीआरपीएफ अशा पोलिस दलवाल्यांचं. जाऊबाईंचा भाऊ बीएसएफमध्ये, तोही युनोच्या शांतिसेनेतूनच कांगोत जाऊन आला. तिकडं जुलै २०२२ मध्ये बुटेम्बोला दंगा झाला आणि बीएसएफचे दोन हेड कॉन्स्टेबल मारले गेले, तेव्हा त्याच्या बायकोनं टीव्हीसमोरून उठून चूल पेटवली नाही. आम्हाला निदान जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, कामठीला मिलिटरी हॉस्पिटल आहे, दूर का असेना. बीएसएफ, सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांना माजी सैनिक धरत नाहीत, म्हणून ते कार्यालय त्यांचं नाही. २००४ पासून भरती झालेल्यांना मिलिटरीसारखी जुनी पेन्शनही नाही. हेल्मेट दोघांचं निळंच, धोका तोच. आणि बाया पण जातात हो, २००७ मध्ये सीआरपीएफच्या बायांची पूर्ण तुकडी लायबेरियाला गेली होती, जगात पहिली तशी, तेव्हा घरी पैसे पाठवायचा फॉर्म काढाल तर त्यात नुसतं पत्नी लिहू नका, पती पण लिहा.

मागणी मोठी नाही. दक्षिण सुदानला जायच्या आधी जवानाला यलो फीव्हरचं इंजेक्शन घ्यावंच लागते, त्याचं कार्ड नसलं तर विमानात बसू देत नाहीत. तसाच एक कागद घरच्या पैशाचा ठेवा, की याचं खातं बायकोसोबत जॉइंट झालं आहे किंवा अलॉटमेंट लिहून दिली आहे, आणि तो कागद असल्याशिवाय नाव लिस्टमध्ये चढवू नका. हे मिलिटरीला आणि गृह खात्याच्या फोर्सेसला सारखंच लागू करा. आणि बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांच्या कुटुंबांचे कागदही सैनिक कल्याण कार्यालयात घ्यायला लावा, तिथं बाबू बसलेलेच आहेत. विदर्भातल्या खासदारांपैकी कोणीतरी एकानं तरी हे संसदेत विचारावं, कापसाच्या भावासोबत दोन मिनिटं याच्यासाठी काढावी.

तोवर ज्यांच्या घरचा माणूस पुढच्या तुकडीत जाणार असेल त्यांनी शेवटच्या सुट्टीतच त्याला धरून बँकेत न्यावं, सत्कार अन् हारतुरे मंग करा.

आपली,
एका फौजीची घरवाली
ता. दिग्रस, जि. यवतमाळ