काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगा

संपादक महोदय,

गेल्या मंगळवारी यजमानांच्या केमोसाठी परळला गेले होते. टॅक्सीतून उतरून फाइल सावरते आहे, तोच फुटपाथवरच्या एका मुलाने हातात गुलाबी कागद दिला. ‘केमोशिवाय, ऑपरेशनशिवाय कर्करोग मुळापासून बरा.’ खाली मोबाइल नंबर, आणि रिपोर्ट पाठवा, औषध घरपोच मिळेल, असा मजकूर. यजमानांनी तो कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. टाकला नाही. त्यांनी तो जपून ठेवला म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

यजमान ६२ वर्षांचे आहेत. बस डेपोत मेकॅनिक होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे आणि तो यकृतापर्यंत पोचलेला आहे. दर पंधरा दिवसांनी केमो असते. छातीत बसवलेल्या पोर्टला, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली ठेवलेल्या झडपेला, पंप लावून घरी पाठवतात, तो ४६ तास चालू असतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘आजार आटोक्यात ठेवू.’ ‘बरा करू’ असं ते म्हणाले नाहीत. खोटी आशा दाखवली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्या दिवशी जिना उतरताना आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. डॉक्टर म्हणतात ‘आटोक्यात’, कागद म्हणतो ‘मुळापासून’. आजारी माणूस कोणता शब्द खिशात ठेवील?

पहिल्या महिन्यातच घर उपायांनी भरलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लक्ष्मणफळ आलं, शेजारच्या वहिनींनी गव्हांकुराचा ट्रे आणून दिला, कुणी गोमूत्र सुचवलं, कुणी लांबच्या गावच्या वैद्याकडची बारा हजारांची पुडी. पुडीवर नाव नव्हतं, आत काय आहे तेही लिहिलेलं नव्हतं. ती मात्र आम्ही घेतली नाही. धाकट्या दिरांनी संगमेश्वरहून गुळवेल आणली. त्यांचा भावावर फार जीव. म्हणाले, ‘वहिनी, केमोने माणूस आतून जळतो, हा काढा त्याला थंडावा देईल. फक्त डॉक्टरला सांगू नको, बंद करायला लावतील.’

मी सांगितलं नाही. रोज पहाटे चार बोटं लांबीची कांडी पाट्यावर ठेचायची, दोन पेले पाणी घालून मंद आचेवर अर्धा पेला होईपर्यंत आटवायचं. वेलीचा तो चिकट, हिरवट कडवटपणा हाताला दिवसभर राहायचा. केमोने यांच्या तोंडाची साल गेलेली, पाणीसुद्धा झोंबायचं, तरी डोळे मिटून प्यायचे. गावची वेल संपल्यावर दादर स्टेशनबाहेरून आणू लागले. ती गुळवेलच होती की दुसरं काही, हे मला आजही सांगता येणार नाही.

दीड महिन्यात एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, तीसवरून तीनशेच्या वर गेलं. केमो पुढे ढकलली. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा ढकलली. यकृतातला आजार वाढला की काय म्हणून घाईघाईने सीटी स्कॅन काढलं. डॉक्टर कारण शोधत होते, आणि मी शेजारी फाइल मांडीवर घेऊन गप्प बसले होते. मनात शंका येत नव्हती असं नाही. पण त्याआधी दुसऱ्या एका रुग्णालयात सल्ला घ्यायला गेलो असताना मी नुसतं हळदीच्या दुधाचं विचारलं होतं, तर तिथले डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘मग आमच्याकडे कशाला येता?’ ते शब्द घशात अडकून राहिले होते.

शेवटी एका सिस्टरने सोडवलं. पोर्टची जागा पुसता पुसता सहज विचारलं, ‘काका, घरी आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, ज्यूस? सगळेच घेतात, मी रागावणार नाही.’ यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. काढा त्या दिवसापासून बंद केला. पाच आठवड्यांत आकडा खाली आला आणि केमो पुन्हा सुरू झाली. ते एवढंच म्हणाले, ‘शंभर टक्के काढ्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण हे आधी कळलं असतं तर एवढे दिवस वाया गेले नसते.’ यकृतात आजार असलेल्या माणसाचे ते दिवस होते. मला अजून झोप लागत नाही ती त्यामुळे.

माझी मुलगी फार्मसी शिकते. तिने मग मला समजावलं. यांना केमोत देतात त्या इरिनोटेकान औषधाचा निचरा करण्याचं बरंचसं काम यकृतच करतं, म्हणून यकृत थकलेलं असेल तर ते औषध पूर्ण मात्रेत देता येत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. आक्षेप योग्य असेल. पण मग दादर स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून घेणाऱ्या माझ्यासारखीने ओळखायचं कसं?

गव्हांकुराचंही तेच. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा ट्रेमधल्या मातीत वाढलेल्या गवताचा कच्चा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण. शेजारच्या वहिनींना हे सांगितलं, तर त्या रडायला लागल्या. मी त्यांना जवळ घेतलं. त्यांनी प्रेमानेच आणलं होतं.

मी झाडपाल्याची वैरी नाही. आमच्या गॅलरीत सदाफुली आहे. व्हिंक्रिस्टिन हे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध तिच्यातूनच मिळतं. आणि इरिनोटेकान ज्या द्रव्यापासून करतात ते १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं, तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे. दिरांना हे सांगितलं तेव्हा ते गप्पच झाले. नरक्याची लाकडं चोरून नेणारे टेम्पो त्यांनी पाहिलेले आहेत. पण व्हिंक्रिस्टिनचा एका वेळचा डोस सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. पानं चावून कुणाला मिलिग्रॅम मोजता येतात?

घरातलं जे चालतं ते डॉक्टरांना विचारूनच चालू आहे. मळमळीला आल्याचा तुकडा, तोंड आलं की मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, सकाळी तांदळाची पेज. त्याने यांना बरं वाटतं, आणि माझ्या हातालाही काम राहतं. आजाऱ्यासाठी घरच्या माणसाला काहीतरी करायचं असतं, हे डॉक्टरांनी समजून घ्यावं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढलं होतं, की हळद-कडुनिंबाने कर्करोग बरा होतो याला पुरेसा पुरावा नाही, उपचार लांबवू नका. ते खरंच आहे. पण माझ्यासारख्या हजारो बायका उपचार लांबवत नाहीत, त्या उपचार घेत असताना गुपचूप काढा देतात. त्यांच्यासाठी माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक केमोच्या आधी वजन आणि रक्तदाब लिहितात, त्याच ओळीत ‘घरी आणखी काय घेता?’ हेही विचारून लिहावं, त्या सिस्टरने विचारलं तसं. आणि ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ १९५४ पासून आहे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात त्यात निषिद्ध आहे. तरी तो गुलाबी कागद रुग्णालयाच्या रस्त्यावर उघड वाटला जातो. अन्न व औषध प्रशासनाने तो नंबर फिरवून पाहावा. वृत्तपत्रांनीही, आपल्यासकट, आतल्या पानांवरच्या छोट्या जाहिराती एकदा तपासाव्यात, ही नम्र विनंती.

कागद मी यांच्या खिशातून काढलेला नाही. रात्री त्यांनीच तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘पुढच्या वेळी डॉक्टरांनाच दाखवू.’ हे पत्र दिरांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘वहिनी, माझं नाव नको घालू, पण पाठव.’

— एक गृहिणी, काळाचौकी, मुंबई