रविवारी मॉक इंटरव्ह्यू, वेळेवर या

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ ला सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनच्या गेटपाशी भेटायचं आहे, एफ-१ (अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा) वाल्यांची इंग्रजीची प्रॅक्टिस. ज्यांची मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटची इंटरव्ह्यूची तारीख आलीये त्यांचा नंबर आधी, बाकीच्यांनी ऐकायचं.

- आय-२० (युनिव्हर्सिटीकडून आलेला फॉर्म) आणि डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) ची झेरॉक्स आणा. फॉर्मात एक अन् तोंडात दुसरं, असं नको.
- मोबाईल सायलेंटवर. कॉन्सुलेटमध्ये तर आतच नेऊ देत नाहीत.
- आल्यावर मराठी बंद, चहा पण इंग्रजीतच मागायचा 😄

आणि एक, काही जण उत्तरं पाठ करून येऊन राहिले भाऊ. "व्हाय धिस युनिव्हर्सिटी" विचारलं की रँकिंगची रेकॉर्ड सुरू, मध्येच "हू इज युवर स्पॉन्सर" आलं की गाडी बंद. बाबांचं नाव, काम, पगार, दोन वाक्यांत सांगा ना. खिडकीवर दोन-चार मिनिटंच मिळतात, अन् २१४(बी) मध्ये (अमेरिकेच्या व्हिसा कायद्याचं कलम) शिकून परत येणार हे पटवायचं तुमच्यावरच असतं. ग्रामर थोडं चुकलं तर चालते, पण प्रश्न समजला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट" म्हणा, अंदाजपंचे उत्तर नको.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच नाव टाका.