संध्याकाळचा समुद्र रंगवताना

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

तेलरंगाच्या सरावासाठी मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग निवडलास, ते बरं केलंस. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सकाळी तटावर समोरून ऊन येतं आणि संध्याकाळी त्याची नुसती काळसर पट्टी उरते. तू संध्याकाळच घे. मावळता सूर्य मात्र चौकटीबाहेर ठेव, नाहीतर सगळं चित्र तोच खाऊन टाकेल.

कॅनव्हास १२ बाय १६ इंची पुरे. बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरव, फडक्याने पुसून घे आणि त्याच रंगाने रेखाटन कर. क्षितिज पट्टीने आख. जरा कललं तरी पाणी सांडल्यासारखं दिसतं. नवशिके किल्ला क्षितिजरेषेवर नेऊन ठेवतात. तटाचा पायथा रेषेच्या किंचित खाली हवा आणि तट ती रेषा कापून वर गेलेला हवा. तरच त्याच्या मागेही समुद्र आहे असं वाटतं.

रंगाआधी तीनच छटा ठरव: आकाश सर्वांत उजळ, पाणी मधलं, जवळचे खडक सर्वांत गडद. किल्ला काळा दिसला तरी खडकांहून फिकाच ठेव. काळा रंग पॅलेटवर नकोच. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना यांतून हवा तेवढा गडदपणा मिळतो.

खरी गंमत लाटेत आहे. ऊन मागून येतं, म्हणून लाटेच्या पातळ माथ्यातून ते आरपार हिरवट दिसतं: व्हिरिडियन (निळसर हिरवा), थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा), चिमूटभर पांढरा. खाली उतरशील तसा पांढरा कमी कर, अल्ट्रामरीन वाढव. फेसाची आपल्याकडची बाजू सावलीत असते, म्हणून ती निळसर करडी. उजळ पांढरा फक्त वरच्या कडेला, तोही ऑकरचा ठिपका घालून. सगळा फेस ट्यूबमधल्या पांढऱ्याने भरलास तर तो चुन्यासारखा दिसेल. ब्रश दोनदाच फिरव. घोटत बसलं की चिखल होतो.

पहिला हात टर्पेंटाइनचा. पुढच्या हातांना एक भाग लिनसीड (जवसाचं) तेल, दोन भाग टर्पेंटाइन, शेवटच्याला निम्मंनिम्मं. तेलकट थर सावकाश वाळतो. त्यावर कमी तेलाचा थर दिला तर वरचा आधी वाळून तडकतो. टायटॅनियम व्हाइटला वाळायला आठवडा लागू शकतो. बोटाला चिकटत असेल तर थांब.

आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस, त्या आपोआप तापून पेट घेतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेव. खिडकी उघडी असू दे.

तुझी,
आई