झोपाळ्याची फळी आणि माझं बोट

सांगली

प्रिय सदा,

फोटो मिळाला. सेकंडहँड सहा इंची रंधा मशीन घेतलंस आणि जुन्या घराच्या सागवानी तुळयांतून झोपाळा करणार म्हणतोस. लाकूड बघून हेवाच वाटला. पण मशीनवर पात्यांवरचा गार्ड दिसत नाही रे. विकणाऱ्याने दिला नसेल तर आधी तो बसवून घे, मग मोटारीला वायर जोड.

आता एक कबुली. 2011 साली माझं डावं मधलं बोट दारात सापडलं, असं तुला सांगितलं होतं. थाप होती ती. बाभळीचा जेमतेम वीतभर तुकडा मी रंधा मशीनवर धरला होता. गार्ड मीच काढून कोपऱ्यात ठेवलेला, कामात आडवा येतो म्हणून. पात्यांना गाठ लागली, तुकडा मागे उडाला आणि लाकडाच्या जागी माझं बोट गेलं. मशीनचा आवाज जराही बदलला नाही. मला ते अजून आठवतं.

म्हणून फूटभरापेक्षा आखूड तुकडा तिथे नेऊच नकोस. लांब फळीवरच रंधा मारून घे, तुकडे नंतर काप. पात्यांच्या वरून हात कधीच जाता कामा नये. पसरट बाजूसाठी लाकडी दट्ट्या कर, खाली रबर चिकटव आणि मागच्या टोकाला फळी ढकलायला खिट्टी ठोक. हातमोजे मात्र घालू नकोस. त्यांचं टोक पात्यात अडकलं तर हात ओढला जातो.

तुझ्या तुळयांत खिळे असणारच. डोकं तुटून आत राहिलेला खिळा वरून दिसत नाही, पण भोवती लाकूड काळवंडलेलं असतं. तिथे लोहचुंबक फिरव. एक खिळा राहिला तरी पात्यांच्या धारेला खाचा पडतात.

पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावू नकोस. प्लग काढ, पात्यांपलीकडच्या टेबलावर सरळ पट्टी ठेव आणि पाती बसवलेला ब्लॉक हाताने फिरव. पातं पट्टीला नुसतं चाटून गेलं पाहिजे. ते टेबल वर राहिलं तर फळी त्याच्या कडेला अडते, खाली राहिलं तर शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडतो. अलीकडचं टेबल मिलिमीटरभरच खाली घे. सागाला तेवढं पुरे, घाई कसली?

फळी वाकलेली असेल तर खोलगट बाजू खाली ठेव, म्हणजे ती दोन टोकांवर बसते, डुलत नाही. फळी पलीकडे वीतभर गेली की दाब त्या बाजूला न्यायचा. इकडेच दाबत बसलास तर फळी जशी वाकडी होती तशीच बाहेर येईल. लाकडाच्या रेषा उचकटायला लागल्या तर फळी उलट्या टोकाने घाल.

एक बाजू सपाट झाली की ती फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या पट्टीला, टेकवून कड मार, गुण्या लावून बघ. दुसरी बाजू मात्र याच मशीनवर करू नकोस. सपाट होईल, पण पहिलीला समांतर होईलच असं नाही, पाचर होऊन बसते. त्यासाठी थिकनेसर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीनच लागतं. माझ्याही दोन फळ्या अशाच वाया गेल्यात.

जोडायच्या कडांसाठी आमच्याकडच्या म्हाताऱ्या सुतारमामांची युक्ती सांगतो. एका फळीची वरची बाजू फेन्सकडे ठेवून कड मार, दुसरीची बाहेर ठेवून. फेन्स अर्धा अंश कलला असला तरी एकीची चूक दुसरी भरून काढते. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून खिडकीसमोर धर. उजेडाची रेघ दिसली नाही, तरच फेविकॉल उघड.

मी येत्या शनिवारी चिपळूणला येतोय, पाती धार लावायला घेऊन जाईन. तोवर प्लग बाहेर. आणि वहिनींना बोटाचं खरं तूच सांग. त्यांनी तेव्हा आमच्या दाराला शिव्या घालून जो रबरी स्टॉपर पाठवला होता, तो अजून तिथेच आहे.

तुझा,
बाळू