नोड बंद पाडून दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाच पाठवता आलं असतं. पण लातूर, नांदेड, परभणीकडच्या आमच्यासारख्याच एखाद्या लहान टीमला उद्या कॅसँड्रासाठी (अनेक संगणकांवर, म्हणजे नोडवर, माहिती वाटून ठेवणाऱ्या डेटाबेससाठी) क्लायंट लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून त्याच्याशी बोलणारा तयार कोड, निवडायची वेळ आली, तर तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही हाती पडावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. गावोगावच्या बोअरमधली पाण्याची पातळी यंत्र मोजतं आणि नोंदी आमच्याकडे येतात. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं या आकड्यांचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महालक्ष्म्यांसाठी तुम्ही माहेरी आला होतात, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तरी आमच्यासाठी वेळ काढलात. तेव्हा आमच्यापुढे तीन लायब्ररी होत्या. जुन्या कोडातली, थ्रिफ्ट या कॅसँड्राशी बोलायच्या जुन्या पद्धतीवर चालणारी, भरपूर सोयी देणारी एक मॅपर (कोडातल्या वस्तू आणि तक्त्यातल्या ओळी आपोआप जुळवणारी), आणि साधा जावा ड्रायव्हर.

पहिलीचा निकाल लगेच लागला. २०२१ मध्ये आलेल्या कॅसँड्रा ४.० मधून थ्रिफ्ट काढूनच टाकलंय, त्यामुळे ती कितीही नीट लिहिलेली असली तरी पुढे तिला बोलायला समोर कुणी उरत नाही.

उरलेल्या दोघींचे गुण आम्ही वहीत मांडत होतो. तुम्ही वही बाजूला ठेवायला लावलीत आणि चाचणीच्या रिंगमधला (एकत्र काम करणाऱ्या नोडांच्या गटातला) एक नोड सरळ बंद केलात. तीन नोड, प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, क्वोरम, म्हणजे लिहिलं गेलं म्हणायला लागणारे होकार, दोनचा. म्हणजे लिहिणं चालूच राहायला हवं. ड्रायव्हरने तो नोड बंद धरला, काम उरलेल्या दोघांकडे वळवलं आणि नोड परत आल्यावर आपणहून जोडणी केली. मॅपरही चालली, पण कुठला नोड पडला, कुणी उत्तर दिलं नाही, हे तिच्या लॉगमधून काही केल्या कळेना. रात्री अडीचला फोन वाजला तर यातलं काय वाचायला आवडेल, असं तुम्ही विचारलंत. आमचा निर्णय तिथेच झाला.

टोकन-अवेअर म्हणजे काय हे तर तुम्ही मोंढ्याच्या भाषेत सांगितलंत. आपला माल कोणत्या आडत्याकडे लागतो हे आधीच माहीत असेल, तर गाडी थेट त्याच्या दारात लावायची, दुसऱ्याच्या दुकानात उतरवून हमाली कशाला वाढवायची? पार्टिशन की, म्हणजे नोंद कुठे ठेवायची हे ठरवणारा तिचा भाग, तिच्यावरून टोकन नावाचा एक आकडा निघतो, टोकनवरून ती नोंद कोणत्या नोडवर राहते ते कळतं, आणि जाणता ड्रायव्हर तिथेच जातो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली चौकशी, वापरलं की चौकशीतली पार्टिशन की कोणती हे ड्रायव्हरला आपोआप समजतं, हा धागा आम्हाला तोवर कुणी जोडून दिला नव्हता.

पण ताई, सगळ्यात मोठे उपकार टाइमआउटच्या धड्याचे. टाइमआउट आला, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून नोंद लिहिली गेली नाही, असं धरता येत नाही. ती एखाद्या नोडवर पोचलेलीही असू शकते. मग पुन्हा पाठवायची की नाही? आमच्याकडे हा प्रश्न रोजचा. लाइट जाते, टॉवर बंद पडतो, आणि रेंज आली की यंत्र साठवलेल्या नोंदी एकदम ढकलतं. त्यातल्या कितीतरी आधी येऊन गेलेल्या असतात. तुम्ही आमचा तक्ता उघडायला लावलात. बोअर क्रमांक आणि महिना ही पार्टिशन की, त्यापुढे मोजल्याची वेळ. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तरी त्याच ओळीवर बसते, म्हणून ती खुशाल पुन्हा पाठवा, आणि विधान आयडेम्पोटंट आहे, म्हणजे पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच राहतो, असं ड्रायव्हरला स्पष्ट सांगा. नाही सांगितलं तर जावा ड्रायव्हर ते तसं नाही असंच धरून चालतो, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. प्रत्येक गावातून किती नोंदी आल्या याचा काउंटर ठेवायचा आमचा विचार होता. एकाची भर दोनदा पडली तर आकडा कायमचा फुगतो, हे तुम्ही त्याच रिंगवर करून दाखवलंत. आता ती मोजणी आम्ही मूळ नोंदींवरूनच काढतो.

आणखी एक. कीबोर्ड तुम्ही स्वतः घेतला नाहीत, आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीच्या हाती दिलात, आणि सगळं मराठीत समजावलंत. ती पॉलिटेक्निकमधून नुकतीच बाहेर पडलेली. मीटिंगमध्ये गप्प बसायची. आता ड्रायव्हरची आवृत्ती बदलायची झाली की नोड पाडून बघितल्याशिवाय ती कुणाला पुढे जाऊ देत नाही. तुमचे आभार मानावेत असं आम्हा सगळ्यांना वाटतं, पण तिला जरा जास्तच.

सध्या नोंदी गोळा करणारा भाग आम्ही गो भाषेत लिहायला घेतलाय. तिथल्या ड्रायव्हरमध्ये टोकन-अवेअर धोरण आपण स्वतः लावावं लागतं, हे तिनेच शोधून काढलं. चाचण्या तुमच्याच पद्धतीने चालल्या आहेत. निकाल कळवतोच. दिवाळीला आलात तर ऑफिसात नक्की या.

आपला,
लातूरच्या टीममधला एक जण