स्किन कलर ट्यूबमध्ये मिळत नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. माझी भाची सातवीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी चाललीये तिची, परवा तिनं चित्रातल्या शेतकऱ्याच्या तोंडाला फिकट गुलाबी खडू फासला. मी म्हटलं अगं हा रंग का, तर म्हणाली, मामा हाच तर स्किन कलर. तिच्या वर्गातली सगळी मुलं असंच म्हणतात. स्वतःचा हात त्या कागदाशेजारीच ठेवलाय, तो चांगला गव्हाळ, तरी तिला काही खटकलं नाही. त्या दिवसापासून डोक्यात होतं की याच्यावर पेपरला लिहायचं.

मी नोकरी सांभाळून गेली सहा वर्षं ऑइलमध्ये पोर्ट्रेट शिकतोय. सुरुवातीला रविवारचा एक क्लास लावला होता, तिथं फळ्यावर फॉर्म्युला लिहून दिला, पांढरा अमुक भाग, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा अमुक, लाल चिमूटभर, झाला चेहऱ्याचा रंग. पंधरा जणांनी पंधरा चेहरे केले आणि सगळ्यांची कातडी एकच. मी आईचं केलं होतं. आई सावळी आहे, तिला सावळं दाखवायला मी त्याच मिश्रणात काळा घातला तर चेहरा राखाडी पडला, मग उजळायला टायटॅनियम व्हाइट घातला तर पीठ लावल्यासारखा दिसायला लागला. तिनं बघून एवढंच विचारलं, मी आजारी आहे का रे? फार वाईट वाटलं मला.

नंतर एका जुन्या चित्रकारांनी मला तासभर नुसतं बघायला बसवलं. आमच्या नारायण पेठेतल्या घराला उत्तरेची खिडकी आहे, आईला तिथं बसवलं आणि डोळे बारीक करून बघ म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की खिडकीतून आभाळाचा उजेड येतो म्हणून कपाळावरची चकाकी निळसर आहे आणि सावलीची बाजू उलट गरम, तांबूस आहे. कपाळ थोडं पिवळट, नाक-गाल-कान लालसर कारण तिथं रक्त जास्त खेळतं, डोळ्यांखाली हिरवट झाक. मग मधल्या टोनला, म्हणजे ना उजेड ना सावली अशा भागाला, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि यलो ऑकर घेतला, सावलीला बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा, काळा अजिबात नाही. गालाला किंचित अलिझरिन हा गडद लाल, डोळ्यांखाली टेर व्हर्ट या मातकट हिरव्याचा नुसता स्पर्श, आणि चकाकीला पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा कण. पांढरा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. त्या दिवशी आईचा खरा रंग आला.

काळा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. स्वीडनचा चित्रकार आंदेर्श झोर्न (१८६०–१९२०), त्याच्या नावानं जे पॅलेट, म्हणजे रंगांची निवड, ओळखलं जातं त्यात चारच रंग, पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन हा शेंदरी लाल आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा. काळ्यात पांढरा मिसळला की तो बाकीच्या गरम रंगांशेजारी निळा वाटतो, ही त्यातली गंमत. शिकायला हे पॅलेट उत्तमच आहे, पण ते व्हिडिओत बघून जशीच्या तशी प्रमाणं आपल्या माणसांवर लावली की घोटाळा होतो. प्रमाण समोरच्या माणसावरून ठरतं, बसलाय कुठल्या उजेडात यावरून ठरतं. ट्यूबलाइटखाली मिसळलेला रंग सकाळी उन्हात बघा, वेगळाच निघतो.

आणि क्लासेसनी घाई करू नये. दहा दिवसांत पोर्ट्रेट हे ऑइलला मानवतच नाही, खालचा थर टर्पेंटाइननं पातळ आणि वरच्या थरात जवसाचं तेल जास्त, हा क्रम उलटा झाला की पुढं भेगा पडतात. आपल्याकडे पावसाळ्यात तर वाळायलाच किती वेळ लागतो. विद्यार्थ्यांना हे कुणी सांगतच नाही.

बघायला आपल्या गावात काय कमी आहे? बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. एकाच माणसाचा चेहरा दोन रूपांत, शिकणाऱ्याला याच्याहून मोठा धडा कुठला! पण नाटकाला आलेला माणूस तिसऱ्या घंटेच्या गडबडीत ती किती बघणार. महिन्यातून एक सकाळ, खेळ नसताना, विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल घेऊन ती चित्रं निवांत बघू द्यावीत.

दुसरी मागणी महापालिकेकडे. एखाद्या नाट्यगृहाचा किंवा शाळेचा हॉल रविवारी सकाळी तीन तास लाइव्ह पोर्ट्रेटसाठी द्या. खर्च फारसा नाही, एक उंच चौथरा, एक खुर्ची, एका बाजूनं येणारा खिडकीचा उजेड आणि बसणाऱ्याला दिवसाचं रीतसर मानधन. बसायला मंडईतल्या भाजीवाल्या मावशी येऊ देत, रिक्षावाले काका येऊ देत, कोकणातून आलेलं कुणी, मराठवाड्यातून आलेलं कुणी. आणि कला शिक्षकांनी मुलांना खडूंच्या पेटीऐवजी आधी स्वतःच्या मनगटाची आतली आणि बाहेरची बाजू रंगवायला सांगावी, दोन्हीकडचा रंग वेगळा असतो. भाचीला मी तेच दिलंय, तिला आत्तापर्यंत पाच शेड्स सापडल्यात.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे