मेस्त्रीकाका, आधी पाण्याच्या मागे जायला शिकवलंत

मेस्त्रीकाका यांस,
सप्रेम नमस्कार.

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी सरत आली. बोटी वर ओढलेल्या असताना तुम्ही एकेका इंजिनाला हात लावलात आणि आमच्या ड्रायव्हर पोरांनाही हात कसा लावायचा ते शिकवलंत. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला की बंदरात एकच निदान ऐकू येतं: हेड गॅस्केट (इंजिनाच्या माथ्याखालची सीलपट्टी) गेली. तुम्ही मात्र पाना उचलायच्या आधी विचारता, तापतं कधी? फक्त जाळं ओढताना, पूर्ण जोरात तापत असेल तर कूलरच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं गोडं पाणी थंड करणाऱ्या भागाच्या, नळ्या अर्धवट बुजलेल्या असतात, नाहीतर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर गुंडाळून इंजिनावर बोजा आलेला असतो. रिकाम्या चालीवरही तापत असेल तर समुद्राचं पाणी येत नाही, पट्टा सैल आहे किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप, बंद अवस्थेत अडकलाय. निम्मं काम या एका प्रश्नातच होतं.

मग पाण्याच्या मागे जायचं. बोटीच्या कुशीतून पडणारी धार बारीक झाली असेल तर दोष खाऱ्या पाण्याच्या वाटेवर. बोटीच्या तळाचा, समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, स्ट्रेनर (गाळणी), रबरी नळी, पंप, कूलर, याच क्रमाने. व्हॉल्व्हवर प्लास्टिकची पिशवी चिकटणं हे आपल्याकडचं नेहमीचंच दुखणं. स्ट्रेनरच्या झाकणाची रबरी रिंग सुकली की तिथून पाणी गळत नाही, पंप हवा ओढतो. म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठाक दिसतं आणि माणूस फसतो.

इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकावर, तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवलात, ते योग्यच. त्याला वंगण मिळतं ते पाण्याचंच. व्हॉल्व्ह बंद ठेवून इंजिन चालू केलं तर थोड्याच वेळात पाती जळून तुटतात. नवा इंपेलर बसवला म्हणजे काम संपलं नाही: जुन्याची पाती मोजायची, जितकी कमी तितके तुकडे शोधायचे. ते बहुधा कूलरच्या तोंडाशी जाऊन बसतात, आणि नवा इंपेलर असूनही इंजिन तापत राहतं. बसवताना ग्रीस नाही, साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन, कारण खनिज तेलाने रबर फुगतं. पाती फिरण्याच्या उलट बाजूला झुकलेली हवीत. झाकणाच्या पत्र्यावर आतून चर पडला असेल तर, दुसरी बाजू सपाट असल्यास, पत्रा उलटा करून लावायचा, ही युक्ती आम्हाला ठाऊकच नव्हती. बंदीच्या काळात इंपेलर काढून ठेवायचा, नाहीतर दोन महिने दुमडून राहिलेली पाती तशीच राहतात.

धार चांगली आहे आणि तरी तापतंय? मग गोड्या पाण्याची बाजू. टाकीचं झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडायचं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं, समुद्राचं पाणी कधीच नाही. पातळी घटतेय पण गळती कुठे दिसत नाही, तर कूलरची नळी फुटलेली असू शकते: चालू इंजिनात आतल्या पाण्यावर दाब असतो, म्हणून कूलंट खाऱ्या पाण्यात मिसळून बाहेर निघून जातं. टाकीत सतत बुडबुडे येत असतील तरच हेड गॅस्केटचा संशय. कूलरमधली, त्याच्याऐवजी स्वतः गंजणारी जस्ताची कांडी निम्मी झिजली की बदलायची. ती गेली की गंज कूलरच्याच नळ्यांवर चालून येतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणाऱ्यांवर तुम्ही रागावलात, तो राग रास्त. काही इंजिनांत तो नसला की बायपासची वाट उघडीच राहते, गरम पाणी कूलरकडे न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि इंजिन आणखी तापतं. त्यापेक्षा टोपात तापणाऱ्या पाण्यात तो दोरीने लटकवून शेजारी थर्मामीटर धरायचा. ८२ अंश छापलेला त्याच सुमारास हलू लागतो, पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो. नाही उघडला तर भंगारात. एवढी परीक्षा तर चहाच्या चुलीवरही होते.

कूलर साफ करताना लोखंडी सळी न वापरता लाकडी काठी घालायची आणि क्षारांचा थर सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने काढायचा, हेही पोरांनी वहीत लिहून घेतलंय. बाजारचं कडक ॲसिड आता कोणी हातात धरणार नाही.

तुमचा लेसरवाला तापमापक आमच्याकडेच राहिलाय. चकचकीत पितळेवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे काळी चिकटपट्टी लावून कूलरच्या दोन्ही तोंडांचं तापमान घेतोय. दोन बोटी उरल्यात. त्या पाण्यात उतरल्या की मोजून झाल्यावर घरी आणून देतो.

आपले,
बंदरातले नाखवे आणि इंजिन ड्रायव्हर